मोटरहोमची हाउस बॅटरी
मोटरहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, तिच्यातला घराचा भाग ज्या बॅटरीवर चालतो ती हाउस बॅटरी. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा सगळं तिच्यावर, इंजिन स्टार्ट करायची बॅटरी वेगळी असते. ही तासन्तास थोडाथोडा करंट देते म्हणून डीप सायकल प्रकारची, म्हणजे बरीच उतरवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी लागते. अमेरिकेत बऱ्याच गाड्यांत गोल्फ कार्टच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून १२ व्होल्ट करतात. आता लिथियम पण आल्यात, पण खाली लिहिलंय ते पाण्याच्या लेड-ॲसिडबद्दल.

तपासताना हमखास होणारी चूक म्हणजे चार्जर चालू असतानाच मल्टीमीटर लावायचा आणि १३ च्या वर आकडा दिसला की खूश व्हायचं, तो आकडा चार्जरचा असतो हो! चार्जर, सोलर, लोड (बॅटरीवर चालणारी उपकरणं) सगळं बंद करून काही तास बॅटरी तशीच ठेवायची आणि मग बघायचं, १२.६ ते १२.७ म्हणजे फुल, १२.१ च्या आसपास म्हणजे निम्मी संपली. पण नुसत्या व्होल्टेजवर जाऊ नका, आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर चढलेली बॅटरी पण १२.६ दाखवते आणि रात्री हीटर लावला की बसते. म्हणून हायड्रोमीटरने प्रत्येक सेलची (बॅटरीतल्या कप्प्याची) ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता घ्यायची, फुल चार्जला १.२६५ च्या जवळपास हवी, एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो सेल गेलाय. सगळ्यात खरी टेस्ट लोडची, १०० ॲम्पियर-अवरची बॅटरी ५ ॲम्पियरवर २० तास चालली पाहिजे, १०.५ व्होल्टला थांबायचं.

पाणी डिस्टिल्डच, आपण घरच्या इन्व्हर्टरला टाकतो तेच. चार्ज झाल्यावर टाकायचं, नाहीतर चार्जिंगमध्ये ॲसिड वर येऊन सांडतं, प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधीच टाका. चार्जिंगला हायड्रोजन निघतो, ठिणगी नको.

खरा घात उभ्या गाडीत होतो. गॅस डिटेक्टरसारख्या वस्तू सतत थोडा करंट ओढतात, काही आठवड्यांत बॅटरी उतरते, सल्फेट घट्ट बसतं, आणि थंडीत उतरलेली बॅटरी गोठून फुटते पण. त्यामुळे हिवाळ्यात निगेटिव्ह काढून ठेवा आणि अधूनमधून चार्ज करा.

वॉरंटीत भांडण होतं ते इथेच. कंपनी बनवण्यातला दोष भरून देते, उतरवून ठेवलेली किंवा कोरडी पडलेली बॅटरी त्यात धरत नाहीत. बऱ्याच बॅटऱ्यांना सुरुवातीचे काही महिने फुकट बदली आणि पुढे वापराप्रमाणे पैसे कापून, बिल नसेल तर तारीख बॅटरीवरच्या डेट कोडवरून (बनवल्याच्या तारखेचा कोड) धरतात. दुकानात आधी फुल चार्ज करून मगच टेस्ट करतात. ग्रॅव्हिटीचे आकडे तारखेसकट वहीत असले की तुमच्या बाजूने बोलायला काहीतरी असतं. नवी गाडी घेताना तर ताबा घ्यायच्या दिवशीच सगळे सेल तपासा, डीलरच्या आवारात महिनोन्महिने उभ्या गाडीची बॅटरी तिथेच मेलेली असू शकते आणि नंतर दोष तुमच्यावर येतो.