डीलरला निर्णयच घ्यायचा नसतो: तीन पत्त्यांच्या पोकरचं गणित

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ला घाट करत पणजी गाठणाऱ्या 'केए २२' पाटीच्या गाड्यांपैकी काहींचा शनिवारचा मुक्काम मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर असतो. बोटीवर चढणाऱ्या बऱ्याच जणांच्या मनात एक भरवसा असतो, की तीन पत्ती आपल्याला येते. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत आणि खानापूर तालुक्यातल्या गावांत दिवाळीच्या रात्री लहानपणापासून बघितलेला खेळ. समोरच्याचा चेहरा वाचायचा, आपले पत्ते न बघता ब्लाइंड चाल चढवत न्यायची, हातात काही नसताना तिघांना पॅक करायला, म्हणजे पत्ते टाकून द्यायला लावायचं.

थ्री कार्ड पोकरच्या टेबलावर हे सगळं कसब वाया जातं. पत्ते तीनच, नावंही ओळखीची, पण खेळायचं असतं फक्त डीलरशी, म्हणजे कॅसिनोच्या पत्ते वाटणाऱ्या माणसाशी, आणि डीलरला काही ठरवायचंच नसतं. त्याने काय करायचं ते नियमाने आधीच ठरवून ठेवलंय. जो माणूस घाबरू शकत नाही, त्याच्यापुढे ब्लफ कसला करणार? मग उरतं ते नुसतं गणित. तेही अकरावी-बारावीतलं, कागद-पेन्सिल घेऊन सुटणारं.

हा खेळ १९९४ च्या सुमारास डेरेक वेब या इंग्रज माणसाने बेतला. इंग्लंडात तीन पत्त्यांचा 'ब्रॅग' हा जुना खेळ आहे. आपली तीन पत्तीही त्याचीच नातेवाईक मानली जाते. पण चुलत भावांत एक जागा अशी आहे की जिथे आपला माणूस हमखास अडखळतो. आपल्याकडे ट्रेल, म्हणजे एकाच अंकाचे तीन पत्ते, सगळ्यात वर आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचे ओळीने तीन पत्ते, त्याखाली. कॅसिनोच्या टेबलावर याच्या उलट. कोण बरोबर, हे मोजून पाहता येतं.

५२ पत्त्यांतून तीन पत्ते पडण्याचे एकूण २२,१०० प्रकार आहेत. ट्रेल कितींत? एका अंकाची चार पानं, त्यातली तीन निवडायचे चार मार्ग, आणि असे तेरा अंक, म्हणून ५२. प्युअर सिक्वेन्स एक्का-दुरी-तिरीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा, प्रत्येक चार रंगांत, म्हणून ४८. म्हणजे प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा चारने दुर्मीळ. गणिताच्या बाजूने कॅसिनो बरोबर आणि आपण चूक, पण तीन एक्के हातात आले की जो आनंद होतो त्याचा हिशेब या आकड्यांत नाही, तेव्हा घरचा क्रम बदलायचं काही कारण नाही. पुढचे आकडे असे: साधा सिक्वेन्स (ओळीने, पण रंग वेगळे) ७२०, कलर (एकाच रंगाचे, पण ओळीने नाहीत) १,०९६, जोडी ३,७४४. उरलेले १६,४४० प्रकार म्हणजे हातात काहीच नाही, फक्त वरचा पत्ता मोठा की छोटा एवढंच. पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये कलर हा सिक्वेन्सपेक्षा वरचढ असतो. तीन पत्त्यांत तोच क्रम उलटा होतो, कारण सिक्वेन्स इथे कलरपेक्षा कमी वेळा पडतो.

आता डाव. पत्ते वाटण्याआधी 'अँटी' नावाच्या चौकटीत पैसे ठेवायचे. खेळणाऱ्याला तीन पत्ते, डीलरला तीन पत्ते. आपले उचलून बघायचे, डीलरचे पालथे. नको वाटलं तर फोल्ड, म्हणजे आपलं पॅक. अँटी गेली, डाव संपला. खेळायचं असेल तर अँटीएवढीच रक्कम 'प्ले'वर लावायची. मग डीलर आपले पत्ते उघडतो. त्याच्याकडे निदान राणी किंवा त्याहून चांगलं काही असलं तरच तो 'क्वालिफाय' होतो. नसेल तर आपल्याला अँटीवर एकास एक मिळतं आणि प्लेचे पैसे नुसते परत येतात. तो क्वालिफाय झाला आणि आपले पत्ते वरचढ ठरले तर दोन्हींवर एकास एक, कमी ठरले तर दोन्ही गेले. शिवाय आपल्याकडे सिक्वेन्स किंवा त्याच्या वरचं काही असलं तर अँटीवर बोनस मिळतो, डीलरकडे काहीही असो.

डीलर किती वेळा क्वालिफाय होत नाही? गुलाम किंवा त्याखालचा वरचा पत्ता, आणि जोडी, सिक्वेन्स, कलर काही नाही, असे प्रकार मोजले तर ६,७२० भरतात. २२,१०० मध्ये ते ३०.४ टक्के. दहात तीन वेळा डीलर आपटतो, असं धरून चालू.

आणि आता खरा प्रश्न, पॅक कधी करायचं? अँटी १०० रुपयांची धरू. पॅक केलं तर १०० गेले, हे पक्कं. तेव्हा आपण जिंकू की नाही हा प्रश्नच नाही. खेळल्यावर सरासरी १०० पेक्षा कमी जातात का, एवढंच बघायचं. इथेच बहुतेकांचं डोकं उलट चालतं. हरायची शक्यता जास्त दिसली की ते पत्ते टाकतात, आणि टाकल्यावर शंभर टक्के हरतो हे विसरतात.

समजा हातात निव्वळ रद्दी आहे, गुलाम किंवा त्याखालची, आणि तरी प्ले लावला. शंभर डावांत ३०.४ वेळा डीलर आपटेल आणि आपल्याला १०० मिळतील. उरलेल्या ६९.६ वेळा तो क्वालिफाय होईल. राणीच्या वर असलेल्या डीलरला आपली रद्दी कधीच हरवू शकत नाही, म्हणून तेवढ्या वेळा २०० जातील. मिळकत आणि तोटा जमेस धरला तर दर डावाला सरासरी तोटा सुमारे १०८ रुपये ८० पैसे. पॅक केलं असतं तर १०० च गेले असते. म्हणून गुलाम आणि त्याखालचं सगळं टाकायचं. फरक मात्र किती बारीक आहे बघा, नऊ रुपयांहूनही कमी.

हा बारीक फरकच पुढचं उत्तर देतो. हातात थोडे बरे पत्ते असतील तर क्वालिफाय झालेल्या डीलरलाही अधूनमधून हरवता येतं. तसं झालं की २०० जायच्या ऐवजी २०० येतात, म्हणजे एका झटक्यात ४०० चा फरक. जास्तीचे आठ रुपये ऐंशी पैसे भरून काढायला असा प्रसंग शंभरात २.२ वेळा आला की पुरे. मग ते कोणते पत्ते? डीलरकडे राणी आहे पण बाकीचे दोन लहान, असे प्रकार खालून मोजत जाऊ: राणी-३-२, राणी-४-२, राणी-४-३, राणी-५-२, राणी-५-३, राणी-५-४, राणी-६-२, राणी-६-३. हे झाले आठ. प्रत्येकाचे ६० प्रकार, कारण रंगांच्या ६४ जुळण्यांतून कलर होणाऱ्या चार वजा. एकूण ४८०, म्हणजे २२,१०० चे २.१७ टक्के. हव्या असलेल्या २.२ च्या अगदी उंबऱ्यावर. म्हणजे सीमारेषा पडते त्याच्या लगेच वरच्या पत्त्यांवर: राणी-६-४. आपल्या हातातली पानं डीलरला मिळू शकत नाहीत, हे धरून संगणकाने काटेकोर मोजणी केली तरी रेषा तिथेच राहते. राणी-६-४ किंवा त्याहून चांगलं असेल तर खेळा, नाहीतर टाका. या खेळाचं सगळं 'कौशल्य' एवढ्या एका वाक्यात संपतं.

महाभारताच्या वनपर्वात नळाची गोष्ट आहे. द्यूतात राज्य हरलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी झालाय. वाटेत राजा एका बेहड्याच्या झाडाकडे बघून पानंफळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, आकडा बरोबर निघतो. मग त्याला राजाकडून द्यूताचं मर्म, अक्षहृदय, मिळतं. जुन्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरत. खानापूरच्या जंगलात आजही बेहडा आहे. मोजणी आणि द्यूत यांचा संबंध आपल्याकडे किती जुना आहे हे सांगायला ही गोष्ट पुरेशी आहे. युरोपात पास्कल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांनी जुगाराच्या हिशेबावर पत्रं लिहिली ती १६५४ साली.

राणी-६-४ चा नियम तंतोतंत पाळला तरी डीलरपुढे आपण दर डावाला अँटीच्या ३.३७ टक्के हरतो. डीलरचाच नियम उचलून राणी किंवा वरचं काही असलं की खेळलं तर ३.४५. प्रत्येक डावाला डोळे मिटून प्ले लावत गेलं तर ७.६५. आता शंका अशी, की पत्ते दोघांनाही सारखेच वाटले जातात, मग एकाच बाजूला फायदा येतो कुठून? तो येतो आधी कोण बोलतं यातून. खेळणाऱ्याने आधी पॅक करायचं. साधारण दर दहा डावांत एकदा असं होतं की आपल्याकडेही काही नाही आणि डीलरकडेही नाही, पण आपण टाकून मोकळे झालेलो असतो, म्हणून अँटी कॅसिनोची. डीलरला ते पत्ते दाखवावेही लागत नाहीत. अँटी बोनस हा त्यावरचा उतारा आहे, खेळणाऱ्याकडे पाच टक्क्यांहून थोडं जास्त परत आणणारा. तो नसता तर तोटा साडेआठ टक्क्यांच्या वर गेला असता आणि टेबल ओस पडलं असतं.

बाजूला 'पेअर प्लस' नावाची आणखी एक चौकट असते. तिथे डीलरचा संबंध नाही, फक्त आपल्याला जोडी किंवा वरचं काही पडतं का ते बघायचं. या पैजेसाठी टेबलावर छापलेल्या तक्त्यात कलरसमोरचा आकडा तेवढा वाचावा. जोडीला १, कलरला ४, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३० आणि प्युअर सिक्वेन्सला ४० असं असेल तर कॅसिनोचा वाटा २.३२ टक्के. कलरला ४ च्या जागी ३ असेल तर तोच ७.२८. एका आकड्याने तिप्पट, आणि तो आकडा कुणी वाचत नाही.

तरीही चोर्ल्याहून परत येताना जिंकलेला माणूस गाडीत असतोच, आणि तो खोटं बोलत नसतो. ५०० ची अँटी लावून ५० डाव खेळले तर सरासरी तोटा ८४३ रुपये. पण पन्नास डावांत नशिबाचा हेलकावा सुमारे ५,८०० रुपये इकडे किंवा तिकडे असतो. तोटा त्या हेलकाव्यात बुडून जातो. शंभरातले चाळीसहून जास्त लोक त्या संध्याकाळी फायद्यात उठतात आणि गावभर सांगतात. डाव १०,००० झाले की चित्र पालटतं. सरासरी तोटा १ लाख ६८ हजारांवर आणि हेलकावा ८२ हजार. तोटा डावांच्या पटीत वाढतो, हेलकावा डावांच्या वर्गमुळाच्या पटीत. तिथवर फायद्यात राहणारे शंभरात जेमतेम दोन. कॅसिनोच्या टेबलावर दहा हजार डाव व्हायला फार दिवस लागत नाहीत, म्हणून तिथल्या मालकाला नशिबाची काळजी करावी लागत नाही. आणि पत्ते दर डावाला नव्याने पिसले जातात, तेव्हा 'चार वेळा हरलो, आता पत्ता फिरणार' याला आधार नाही. गठ्ठ्याला मागचं काही आठवत नसतं.

हे सगळे टक्के सरकारच्या वाट्यापुढे किरकोळ आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेताना पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. जिंकणं-हरणं नंतरचं. घाटाच्या अलीकडे कर्नाटकात तर पैसे लावून असं टेबल मांडणं गुन्हाच आहे. फोनवर पैसे लावून खेळणंही २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद झालं.

पैसे न लावता मात्र हे गणित घरी तपासता येतं. साधा गठ्ठा घ्या, नीट पिसा, तीन पत्ते उघडा, गुलाम किंवा त्याखालची रद्दी पडली का ते लिहा, पत्ते परत मिसळा. असं शंभर वेळा करा. अपेक्षित आकडा ३० च्या आसपास. २१ ते ४० मध्ये कुठेही आला तर ठीक. त्याच्या बाहेर गेला तर आणखी शंभर वेळा करून बघा, आणि पिसणारा माणूस बदला.