एकपात्री काळी विनोदिका (मराठवाडा)

एकच नट अनेक पात्रे उभी करतो आणि मरण, कर्ज, दुष्काळ, छळ अशा गोष्टींवर प्रेक्षकांना हसवतो, तो हा नाट्यप्रकार. बोलण्यात त्याला नुसते ‘एकपात्री’ म्हणतात. विनोदाची जात सांगायची झाली तर ‘ब्लॅक कॉमेडी’. स्वगताशी त्याची गल्लत करू नये. स्वगतात पात्र स्वतःशीच बोलते. इथे नट समोर बसलेल्यांशी बोलतो आणि त्यांच्या हशाला उत्तरही देतो.

हा प्रकार मराठवाड्याला परका नाही. पैठणच्या संत एकनाथांचे (1533–1599) ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड त्याचा अस्सल पूर्वज मानावा लागेल. गाणारा एकटाच गांजलेली सून होतो आणि देवीला नवस बोलतो: सासरा गावाला गेलाय, त्याला तिकडेच संपव, सासूला उचल, जावेला विधवा कर. शेवटी दादल्याचाही बळी, आणि मागणे एकच, मला एकटीला राहू दे. एवढी माणसे मारायची आणि त्या बदल्यात देवीला काय, तर रोडगा, एक जाड भाजलेली भाकर! काळा विनोद नेमका या व्यवहारात आहे. प्रपंचाचे पाश तुटावेत हा त्यामागचा परमार्थ. पण तो उमगण्याआधी श्रोता खदखदून हसलेला असतो, आणि हसता हसता त्याला घरातली सून आठवते.

आधुनिक रंगभूमीवर मराठवाड्याच्या एकपात्रीला महाराष्ट्रभर नेले ते डॉ. लक्ष्मण देशपांडे (1943–2009) यांनी. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या प्रयोगात ते एकटे 52 पात्रे रंगवत. त्या प्रयोगाचा विनोद काळा नव्हे, तो मोकळा आणि मायाळू आहे. तरीही काळ्या विनोदाची वाट त्यानेच सोपी केली. ‘माझं-तुझं’ला ‘मपलं-तुपलं’ म्हणणारी बोली अख्खी संध्याकाळ पेलू शकते हे त्याने दाखवले, आणि रिकाम्या जागेत माणसे पाहायची सवय प्रेक्षकांना लावली. छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या नाट्यगृहाला ‘संत एकनाथ रंगमंदिर’ हे नाव आहे. भारूडकर्त्याच्या नावाच्या मंचावर एकट्या नटाने उभे राहावे, हे अगदी शोभते.

विषय इथल्या मातीतच मिळतात. 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. अशा भूमीत टँकरची रांग हेच नेपथ्य होते. समजा, मंचावर एक रिकामी घागर आहे. नट म्हातारा होऊन तिच्यामागे उकिडवा बसतो आणि बसल्या जागी मरतो. तोच उठून मागचा तरुण होतो: “आबा, सरका की पुढं!” मग शेजारीण होऊन म्हणतो, “गेले वाटतं. मग नंबर कुणाचा?” भांडण पेटते, प्रेक्षागृहात हशा उसळतो. त्या गलक्यात नट पुन्हा उकिडवा बसतो, मान टाकतो आणि हलत नाही. पहिल्या रांगेतला हशा आधी थांबतो, शेवटच्या रांगेतला सर्वांत उशिरा.

सगळे कसब या थांबण्यात आहे. दुसरे पात्र सावरून घ्यायला मंचावर नसते. नटाने हशा ओसरण्याआधी पुढचे वाक्य टाकले तर ते बुडते. फार थांबला तर प्रेक्षक अवघडून खोकू लागतात. पात्र बदलायला मानेचा कोन, खांद्यावरचे उपरणे, आवाजाची पट्टी एवढीच साधने असतात. सामान एका पिशवीत मावते, म्हणून एसटीने जाऊन मंगल कार्यालयात, शाळेच्या मैदानावर किंवा देवळाच्या सभामंडपातही प्रयोग करता येतो. सभामंडपात मात्र अंधार करता येत नाही. तिथे हसणाऱ्यांना एकमेकांची तोंडे दिसतात, आणि टँकरच्या रांगेत काल शेजारी उभा असलेला माणूस आज समोरच बसलेला असतो.