रानात आवाज न करणारे कपडे: स्वस्तात कसे निवडावेत, कसे शिवून घ्यावेत

(गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात वाळपई बाजारातल्या आमच्या कापड आणि शिलाईच्या दुकानातर्फे ग्राहकांसाठी)

आधी एक खुलासा

हे माहितीपत्रक पक्षी पाहणाऱ्यांसाठी, कॅमेरा घेऊन पाणवठ्याजवळ बसणाऱ्यांसाठी आणि पहाटे काजूच्या बागेत जाणाऱ्या बागायतदारांसाठी आहे. दुकानात काही जण ‘शिकारीचे कपडे’ म्हणून विचारतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून करायची शिकारही बंद झाली. सत्तरीत रानडुकराच्या पारधीच्या गोष्टी अजून रंगवून सांगतात. ऐकायला आम्हालाही आवडतात, पण त्या कामासाठी कोणी माप द्यायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवतो.

शिकारीच्या नावाने ऑनलाइन जे कपडे दिसतात ते बहुतेक थंड देशांतल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेले. तिकडे लोकर आणि फ्लीस (लव असलेले मऊ, उबदार कृत्रिम कापड) वापरतात, कारण ते कापड फांदीला घासले तरी बोलत नाही. विचार पटण्यासारखा आहे. पण मार्चमध्ये मोलेच्या रानात फ्लीसचे जाकीट घालून तासभर बसलात, तर जनावर दिसण्याआधी तुमचाच निकाल लागेल. त्यांचा विचार घ्यावा, जाकीट घेऊ नये.

आवाज येतो कुठून

ज्याला आपण पॅराशूट कापड म्हणतो, ते विंडचीटरचे आणि ट्रॅकपँटचे गुळगुळीत नायलॉन, सगळ्यात वाईट. त्याचा धागा सलग आणि कडक, वीण घट्ट, आणि पाणी अडवायला आतून लेप दिलेला. चालताना मांडीला मांडी घासली की सर्र, हात हलला की सर्र, आणि तेही पावलागणिक. रानात आवाज असतातच. वारा असतो, ओहोळ असतो, वरून शेकरू काहीतरी टाकत असते. पण ठेक्यात येणारा आवाज पानांचा नसतो, हे भेकराला बरोबर कळते. शिवाय हरणाच्या आणि मांजराच्या कुळातल्या प्राण्यांना आपल्यापेक्षा वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात, आणि नायलॉनची सरसर त्याच अंगाची असते. आपल्याला जी हळू वाटते ती त्यांना हळू नसते.

सुती धागा आखूड तंतू पिळून केलेला असतो. त्याच्यावर बारीक लव राहते आणि घासणे त्या लवेत जिरते. कापड जितके धुतलेले तितके मऊ, म्हणून तुमच्या कपाटातला जुना सुती शर्ट नव्या कुठल्याही शर्टापेक्षा रानासाठी चांगला. हे सांगून आमचे गिऱ्हाईक कमी होते, पण खरे ते खरे.

कापड पारखायची रीत सोपी आहे. चिमटीत धरून कानाशी चोळा, मग त्यावरून नख ओढा. नखाचा आवाज कोरडा, टोकदार आला तर ते कापड नको. नुसती दबलेली घसर आली तर चालेल. बाहेर बाजाराचा गलका असतो, म्हणून आमच्या आतल्या खोलीत, पंखा बंद करून पाहा. शिवून झाल्यावरही मास्तर ट्रायलला तिथेच चालायला लावतात. लोक लाजतात. लाजू नका, दोनदा उकिडवे बसून उठूनही पाहा.

कोणते कापड घ्यावे

पँटसाठी आमची पहिली पसंती सुती ड्रिलला, तेच जे पूर्वी खाकी गणवेशांना वापरत. जाड असते, काट्यांना टिकते आणि तीनचार धुण्यांनंतर गप्प होते. ५८ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर कापड मध्यम अंगाच्या माणसाला पुरते. नव्या ड्रिलला खळ असते, तीच कुरकुरते. म्हणून कापड आधी रात्रभर पाण्यात ठेवून, धुऊन, वाळवूनच मशीनवर घ्यायचे. त्यात ते आटूनही घेते आणि पुढे पँट घोट्यावर चढत नाही.

शर्टासाठी हातमागाचे किंवा खादीचे कापड. ३६ इंच पन्हा असेल तर पूर्ण बाह्यांना अडीच मीटर धरा. ज्यांना खादीच्या सुरकुत्या चालत नाहीत त्यांनी मऊ टेरीकॉट घ्यावे. त्याला सुतीपेक्षा थोडा आवाज असतो, पण लवकर वाळते, आणि आपल्या हवेत ही मोठी गोष्ट आहे.

जीन्स नको. कडक, जड, एकदा भिजली की दिवसभर ओली. कॉर्डरॉय दिसायला मऊ, पण तिच्या उभ्या रेघा एकमेकींवर घासून चांगल्याच वाजतात.

पैसे आणखी वाचवायचे असतील तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुती शर्ट आणि साध्या पँटी बघा. तिथून आणलेली पँट आम्ही बदलून देतो, नवी शिवण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडते.

शिवताना काय बदलायचे

कापड चांगले आणि शिलाई नेहमीची, असे केले तर निम्मेच काम झाले. सर्वात मोठा गुन्हेगार वेलक्रो. समोर फांदीवर मलबारी कर्णा बसलेला, तुम्ही खिशातून लेन्सचे झाकण काढायला जाता आणि चर्रर्र! कर्णा तसा निवांत पक्षी, एका जागी बराच वेळ बसतो, पण इतकाही निवांत नाही. वेलक्रो आम्ही उसवतो आणि बटण लावतो. टिच बटणही नको, ते उघडताना टक् करते. जरा मोठे साधे बटण आणि सैल काज, म्हणजे न बघता एका हाताने उघडते.

चेन ठेवायची असेल तर नायलॉनची ठेवा आणि तिचा धातूचा लटकन काढून सुती नाडीचा तुकडा बांधा. हे घरीही होते. पट्ट्याच्या बकलाऐवजी कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. बसल्यावर पोटात रुतत नाही हा वरचा फायदा.

पँटच्या आसनात आम्ही चौकोनी कळी घालतो. तिच्यामुळे पाय उचलताना कापड ताणत नाही आणि ओंडका ओलांडताना शिवण उसवत नाही. मांडीत सैल, पोटरीत निमुळती असा बेत ठेवा. सैल म्हणजे ढगळ नव्हे, ढगळ कापड काट्यांत अडकते. बाह्या पूर्ण, कफाला बटण. कॉलर जरा उंच असेल तर मानेवरचे डास निम्मे होतात.

कॅमेऱ्याची पिशवी बदलायला आम्ही सांगणार नाही, ती महाग असते. तिच्या वेलक्रोवर सुती पट्टी टाचून घेतलीत तरी पुरे. किल्ल्या आणि सुटे पैसे रुमालात गुंडाळून ठेवा.

रंग आणि छाप

हरणाच्या कुळाला आणि गव्याला आपल्यासारखे तांबडे-नारिंगी वेगळे दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. अमेरिकेत बंदूक घेऊन हरणाच्या शिकारीला जाणाऱ्यांना अनेक राज्यांत भडक नारिंगी जाकीट सक्तीचे आहे: माणसाला ते दुरून दिसते, हरणाला तितके नाही. पक्ष्यांची गोष्ट उलट. त्यांना आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. तुम्हाला पक्षी आणि जनावर दोन्ही बघायचे असतील तर मेंदी, माती, राखाडी, फिकट खाकी यांच्या बाहेर जाऊ नका. पांढरा आणि निळा घरी ठेवा.

लष्करी छापाचे कापड आम्ही ठेवत नाही. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख घालणे हा गुन्हा आहे. भारतीय लष्कराने जानेवारी २०२२ मध्ये नवा लढाऊ गणवेश आणला, त्याचा नमुना नोंदणी करून राखून ठेवलेला आहे. तुमचा हेतू पक्षी बघण्याचा असला तरी नाक्यावर वनरक्षकाला ते समजावत बसण्यात सकाळ जाते. आणि खरे तर त्या छापाची गरजच नाही. हालचाल केलीत तर छाप वाचवत नाही, न हललात तर साधी खाकी पुरते.

चोडणच्या डॉ. सलीम अली अभयारण्यात होडीतून फिरणाऱ्यांनी यातले बरेच सोडून द्यावे. तिथे चालणे फारसे नाही, कांदळवनातले ऊन आणि डास आहेत. पूर्ण बाह्या आणि टोपी, बस.

पावसाळा, जळवा आणि गोचीड

पावसात शांत राहील असा स्वस्त रेनकोट आम्हाला अजून मिळालेला नाही. प्लास्टिकचा कोट चालताना वाजतो आणि थेंब पडले की ढोल. रानातले गवळी-धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतात, आवाजाच्या बाबतीत तिला तोड नाही, शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते तरी लगेच ओली लागत नाही. फक्त ती वाहायला जड आहे. आमचा सल्ला असा: रेनकोट घालाच, पण त्याच्यावरून एक जुना, मोठ्या मापाचा सुती शर्ट चढवा. तो भिजतो, पण प्लास्टिकचा आवाज दबतो. मचाणावर पोचलात की शर्ट काढून पिळा.

जळवांसाठी आम्ही कॅम्ब्रिक या घट्ट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंतचे मोजे शिवतो. वर नाडी असते. साध्या विणलेल्या मोज्यांतून जळू आत शिरते, या कापडातून शिरत नाही. पँट मोज्याच्या आत खोचायची. पायात कॅनव्हासचे पीटीचे बूट चालतात: तळ मऊ असतो, पायाखालची काटकी मोडण्याआधी कळते. फेब्रुवारीनंतर मात्र किंदळ, ऐन, नाणा यांच्या पाचोळ्यात कोणतेही बूट वाजणारच. तेव्हा चालणे कमी आणि बसणे जास्त ठेवावे.

सुक्या महिन्यांत गोचिडीची काळजी घ्या, हे आम्ही विनोदाने सांगत नाही. माकडताप गोचिडीपासून होतो. त्याचा विषाणू १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात सापडला आणि २०१५ पासून आपल्या सत्तरीतही रुग्ण आढळले आहेत. गोचिडीचे पिल्लू तिळाहून लहान असते, गडद कापडावर दिसतच नाही. म्हणून त्या दिवसांत फिकट खाकीच घ्या. पाचोळ्यावर बसू नका, बसायला जाड गोणपाट न्या. घरी आल्यावर कपडे खुंटीला न टांगता थेट गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे बघा. रानात माकड मेलेले दिसले तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा. ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा. गोचीड दूर ठेवायला अंगाला लावायच्या तेलाची चौकशीही आरोग्य केंद्रातच करा, दुकानात आम्ही औषधे ठेवत नाही.

धुताना

नीळ, कांजी, इस्त्री तिन्ही बंद. शुभ्रतेची जाहिरात करणाऱ्या बऱ्याच पावडरींत असे द्रव्य असते जे अतिनील किरण घेऊन निळसर उजेड बाहेर टाकते, म्हणून कपडा ‘चमकतो’. निळा ओळखणाऱ्या डोळ्यांपुढे तो पहाटेच्या अंधुक उजेडात उठून दिसतो. साधा, कमी वासाचा साबण वापरा आणि दोन पाण्यांतून खळबळून काढा. सावलीत वाळवा. अत्तराच्या कपाटात ठेवू नका.

माप देण्याबद्दल

मे आणि जूनमध्ये शाळेच्या गणवेशांमुळे मास्तरांना मान वर करायला फुरसत नसते. पावसाळी कपडे आणि जळवांचे मोजे हवे असतील तर एप्रिलमध्येच माप द्या. माप द्यायला येताना रानात घालणार ते बूट घालून या, पँटची उंची त्यावरच ठरते. जुनी पँट बदलून घ्यायची असेल तर धुऊन आणा, खिसे रिकामे करून. शिलाईचे दर दुकानातल्या पाटीवर आहेत. वेलक्रो काढून बटण लावण्याचे काम दुकानातून कापड घेणाऱ्यांना मोफत.