साक्ष देणं आणि साक्षीला टिकणं (ग्रामीण विदर्भातली ख्रिस्ती रीत)

साक्ष : ख्रिस्ती मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चच्या समुदायांच्या) बोलण्यात हा शब्द निदान तीन अर्थांनी येतो. उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगणं, ही एक साक्ष. ख्रिस्ती नसलेल्या शेजाऱ्यापुढे आपला विश्वास बोलून दाखवणं ही दुसरी. आणि ही नोंद मुख्यतः ज्याच्यावर आहे ती तिसरी, म्हणजे घरचे बोलेनासे झाले, गावात वाळीत टाकायची भाषा झाली, तरी बायबलातलं जे सत्य म्हणून मानलं ते न सोडणं. शिवाय विदर्भातल्या खेड्यात "त्याची साक्ष चांगली हाय" असं कोणी म्हणतं तेव्हा चौथाच अर्थ असतो, दारू सुटली का, उधारी वेळेवर देते का, बायकोवर हात टाकते का. हा चौथा अर्थ कोशवाल्यांनी फारसा घेतलेला नाही, गावात मात्र सगळ्यात जास्त तोच चालतो.

मूळ ग्रीक शब्द 'मार्तुस'. तो कोर्टातला शब्द आहे, जे पाहिलं ते शपथेवर सांगणारा माणूस. पुढे याच शब्दाचा अर्थ विश्वासासाठी जीव देणारा असा झाला आणि मराठीत त्याला 'रक्तसाक्षी' हा जोडशब्द आला (हुतात्मा हा शब्दही चालतो, पण त्याला स्वातंत्र्यलढ्याचा आणि संयुक्त महाराष्ट्राचा रंग जास्त). हा बदल नेमका कधी झाला याच्यावर अभ्यासकांत मोठा वाद आहे. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांत पौल स्तेफनाला 'साक्षी' म्हणतो आणि स्तेफन तर दगडमार होऊन मेलेला, प्रकटीकरणात पर्गमच्या अंतिपालाही 'विश्वासू साक्षी' म्हटलंय आणि तोही मारला गेलेला, म्हणून काहीजण म्हणतात की पहिल्या शतकाच्या शेवटीच शब्द वळला होता. दुसरा पक्ष असा की तिथं अजून साधा साक्षीदारच आहे, तो मेला हा पुढचा भाग, शब्दाच्या अर्थात मरण अजून शिरलेलं नाही. जीव देणारा हा अर्थ पहिल्यांदा पक्का दिसतो तो स्मुर्णाचा बिशप पॉलिकार्प याच्या मरणाच्या वृत्तांतात. आता त्याचीही तारीख धड नाही. वृत्तांताच्या शेवटी क्वाड्रातुस नावाच्या प्रांताधिकाऱ्याचा उल्लेख आहे, हा माणूस 142 साली कॉन्सल (रोमचा वर्षभरासाठीचा वरिष्ठ अधिकारी) होता, त्यावरून हिशोब लावून बहुतेक जण 155 किंवा 156 धरतात, पण चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस ही घटना रोमी सम्राट मार्कुस औरेलियसच्या काळात टाकतो, म्हणजे आणखी दहाएक वर्षं पुढे, आणि 177 पर्यंत ओढणारेही झाले. 155-156 च जास्त पटण्यासारखं आहे, जरी ज्या प्रकरणावर हा हिशोब उभा आहे ते मागून जोडलेलं असावं ही शंका राहतेच.

हा वाद इथं एवढा घेतला कारण खेड्यात त्याचा परिणाम दिसतो. साक्ष म्हणजे मरणच असं धरलं तर यवतमाळ-वाशीमकडच्या साध्या शेतमजुराला वाटणार की हे आपल्या वाट्याचं नाही, ते रोमचं. मूळ अर्थ धरला तर मात्र विचारल्यावर खरं सांगणं एवढंच काम उरतं, आणि खरं पाहिलं तर तेच अवघड. पेत्राच्या पहिल्या पत्रातही तसंच आहे, विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा पण सौम्यपणे द्या. टिकणं म्हणजे भांडणं नाही हे तिथंच ठरलंय, ते पाळलं जातं की नाही हा भाग वेगळा.

बायबल मराठीत आणलं कोणी, हा आणखी एक गुंता, आणि त्यात नागपूर येतं. बंगालात सेरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीनं मराठी भाषांतर केलं, मत्तयचं शुभवर्तमान 1805 च्या सुमारास आणि नवा करार 1811 च्या सुमारास छापला. त्याच्या हाताशी वैजनाथ नावाचे पंडित होते, तेच ज्यांच्या नावावर राघोजी भोसल्यांची वंशावळी आहे. ते नागपूरकडचे होते असं बहुतेक अभ्यासक धरतात आणि त्या भाषांतराला नागपुरी वळण आहे असंही म्हणतात. मुंबईच्या अमेरिकन मिशनला ते काही चालण्यासारखं वाटलं नाही, त्यांनी आपलं वेगळं भाषांतर करून 1826 साली नवा करार काढला. पुढची मुख्य मराठी बायबलं याच दुसऱ्या धारेतली, पंडिता रमाबाईंचं सोप्या मराठीतलं भाषांतर (1924, त्या गेल्यानंतर दोन वर्षांनी पुरं छापलं) तेवढं वेगळं. म्हणजे मराठी बायबलाची पहिली बोली कदाचित आपल्याकडची होती आणि तीच मागं पडली. वऱ्हाडी माणसाला याचं थोडं वाईट वाटायला हरकत नाही.

विदर्भात मिशन आलं ते दोन वाटांनी. नागपूरला स्कॉटलंडचे स्टीफन हिस्लॉप 1845 साली आले तेव्हा तिथं अजून भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप भूगर्भशास्त्राचेही जाणकार, 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून परत येताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज 1883 पासून आहे. वऱ्हाड निजामाकडून 1853 साली इंग्रजांकडे आल्यावर तिकडे दुसरी मिशनं पसरली, अकोला-बुलढाण्याकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, नंतर बुलढाणा-वाशीमकडे नाझरीन, चांद्याला स्कॉटिश एपिस्कोपल, आणि कॅथलिक तर सगळीकडे थोडेथोडे. वाशीमचा रेनॉल्ड्स दवाखाना, यवतमाळ जिल्ह्यातला उमरीचा मिशन दवाखाना, अचलपूरजवळचा कोठाऱ्याचा कुष्ठरोग दवाखाना ही गावातल्या माणसाला मिशनची खरी ओळख, उपासनेला कधी न गेलेला माणूसही डिलिव्हरीसाठी तिथं गेलेला असतो. यवतमाळला 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, सगळ्या देशातून पोरं शिकायला यायची, 1983 ला ती पुण्याला गेली. मेळघाटात कोरकू लोकांतही मिशनचं काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून आहे.

साक्षीची किंमत काय पडते याचं सगळ्यात नीट नोंदलेलं मराठी उदाहरण याच भागाशी जोडलेलं आहे. कवी नारायण वामन टिळक नागपूरला राहिलेले, 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या आणि त्यानं नवा करार हातात दिला. तो माणूस फ्री मेथडिस्ट मिशनचा अर्नेस्ट वॉर्ड होता असं आता बहुतेक जण मानतात. टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पण भोगावं लागलं ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना, त्या काही वर्षं पोराला घेऊन वेगळ्या राहिल्या आणि 1900 साली स्वतःच्या पायानं ख्रिस्ती मंडळीत आल्या. नोंदी लिहिणारे टिळकांच्या निर्णयाचं कौतुक करतात, तो खर्च कोणाच्या खात्यातून गेला हे मात्र लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'तच वाचायला मिळतं. याच टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. टिकायचं म्हणजे आपले लोक सोडायचे का, या प्रश्नाला त्यांचं शेवटचं उत्तर 'नाही' असं दिसतं, मिशनवाल्यांना ते सगळ्यांना पटलं नाही.

स्वातंत्र्यानंतर विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता आणि नागपूर राजधानी, त्यामुळे 1954 साली मिशनरी कामाच्या चौकशीसाठी नेमलेली नियोगी समिती ही आपल्याकडचीच गोष्ट. न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश. 1956 च्या अहवालानं मिशनवर कडक टीका केली, चर्चवाल्यांनी तो एकांगी म्हटला, आणि धर्मांतरविरोधी कायद्यांची बाजू मांडणारे आजही तो काढतात. गंमत अशी की त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत खुद्द नियोगीही होते. पुढे 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की घटनेच्या कलम 25 मधला प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नाही. गावातल्या पास्टरला या केसचं नाव माहीत नसतं पण सभेत "आम्ही कोणाला बदलवत नाही, देव बदलवते" हे वाक्य येतं, त्याच्या मागं हीच सगळी परंपरा.

राज्यात ख्रिस्ती 2011 च्या जनगणनेत एक टक्क्याच्या आत (सुमारे 10.8 लाख), त्यातले बहुतेक मुंबई-वसई-पुण्याकडचे. विदर्भाच्या खेड्यात चार-सहा घरांची मंडळी असते, म्हणून साक्षीबद्दल बोलताना येणारा 'विरोधी जग' हा शब्द इथं मोठा वाटतो. विरोध करणारा सम्राट नसतो, चुलतभाऊ असतो. मत्तयच्या दहाव्या अध्यायात माणसाचे वैरी त्याच्याच घरचे होतील असं आहे, ते इथं अक्षरशः लागू पडतं. वाद कुठं पेटतो तर शारदा-दुर्गा मंडळाच्या वर्गणीवर, पोळ्याला बैलाची पूजा करायची का यावर, महालक्ष्म्यांच्या जेवणाला जायचं का यावर, लग्नात कुंकू लावायचं का, आणि सगळ्यात जास्त प्रसादावर.

प्रसादाचा प्रश्न नवा नाही, करिंथच्या मंडळीनं तोच विचारला होता. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं पौलाचं उत्तर दोन तोंडी आहे असं वाटतं : मूर्ती म्हणजे काहीच नाही तेव्हा खायला हरकत नाही, पण दुबळ्या भावाला ठेच लागत असेल तर खाऊ नका, आणि दहाव्या अध्यायात तर देवळातल्या पंगतीत बसू नका असं सरळ आहे. भाष्यकारांनी यावर ग्रंथ लिहिले, त्यातलं पटणारं मत असं की बाजारातलं मटण आणि देवळातली पंगत या त्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटत होत्या. आता घरी आणून दिलेला प्रसाद बाजारातला की पंगतीतला ? काही मंडळ्या हातात घेतात आणि खात नाहीत, काही नम्रपणे नाही म्हणतात, काही खातात आणि कोणाला सांगत नाहीत. जुन्या करारातला नामान सेनापती संदेष्टा अलीशाला म्हणतो की माझा राजा रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागेल, तेवढं माफ व्हावं, आणि अलीशा म्हणतो शांतीनं जा. मवाळ लोक हा उतारा काढतात, कडक लोक बंदी असताना उघड्या खिडकीशी प्रार्थना करणारा दानीएल आणि राजाच्या मूर्तीपुढे न वाकलेले शद्रख, मेशख, अबेद्नगो काढतात. वर्गणीवर एक मधला रस्ता बऱ्याच ठिकाणी दिसतो, पूजेला पैसे नाही पण गावजेवणाला तांदूळ नाहीतर अंगमेहनत. यानं दोन्ही बाजू अर्ध्याच खूश होतात, तरी गाडं चालतं.

जे दबावाखाली वाकले त्यांचं काय, हाही जुनाच प्रश्न. 250 च्या सुमारास रोमच्या देकियुस बादशहानं सगळ्यांना देवांपुढे बळी अर्पण करून तसा दाखला घ्यायला लावला, इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडलेत. कित्येक ख्रिस्त्यांनी बळी दिला, कित्येकांनी पैसे देऊन नुसता कागद मिळवला, आणि छळ थांबल्यावर सगळे परत दारात आले. कार्थेजचा बिशप कुप्रियान यानं (पुढे 258 साली त्याचं स्वतःचं डोकं उडवलं) दोघांना वेगळं मोजलं, कागदवाल्यांना लवकर आणि बळी देणाऱ्यांना लांब प्रायश्चित्तानंतर आत घ्यायचं. आपल्याकडे पोरीच्या लग्नासाठी सहा महिने उपासना सोडलेला बाप परत येतो तेव्हा पाळक आणि पंच जे ठरवतात ते नकळत याच चालीवर असतं, काही रविवार प्रभुभोजन बंद, मग मंडळीपुढे उभं राहून कबुली. कुठं कुठं यात माणूस जास्तच रगडला जातो, हेही खरं.

कायद्याचा आधार कागदावर आहे. सभा उधळली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 300, आणि वाळीत टाकलं तर राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (2016 चा, अंमल जुलै 2017 पासून, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड). पण हा कायदा एकाच समाजातल्या लोकांनी आपल्याच माणसावर टाकलेल्या बहिष्काराबद्दल आहे, आता ज्यानं धर्म बदलला तो त्या समाजाचा माणूस धरायचा की नाही यावर वकील दोन्हीकडून बोलू शकतात. दलित कुटुंबाला आणखी एक पेच, 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीची सवलत जाते (शीखांना 1956 ला, बौद्धांना 1990 ला मिळाली), आदिवासींना हा नियम नाही. म्हणून कोर्टकचेरीच्या कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा असं जगणारी घरं असतात. साक्षीचा मूळ अर्थ शपथेवर खरं सांगणं असेल तर सगळ्यात मोठी अडचण तहसीलच्या फॉर्मवरच उभी राहते, आणि मंडळ्यांत याच्यावर बोलणं कमीच होतं.

बायबलाचं सत्य बाहेरच्यांपासूनच सांभाळायचं असतं असंही नाही. अलीकडे मोबाईलवर येणारे उपदेशक बरं होण्याची आणि पैशाची हमी देतात, कर्ज फिटेल, पोरगा होईल, गोळ्या बंद करा. जुने पाळक याला साक्ष म्हणत नाहीत. शिवाय 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात चमत्काराच्या नावानं फसवून पैसे घेणं गुन्हा आहे आणि तो कायदा कोणाचा धर्म बघत नाही. गोळ्या बंद करून बिघडलेला एक पेशंट गावात सगळ्यांना माहीत असतो आणि त्याच्यामुळे त्या चार घरांची दहा वर्षांची चांगली साक्ष पुसली जाते.

रविवारच्या क्रमात साक्षीची वेळ बहुधा गाण्यांनंतर आणि उपदेशाच्या आधी. बायका जास्त उठतात, पुरुष मागं भिंतीला टेकून. नवीन माणूस बोलायला उभा राहिला की सुरुवात ठरलेली, "प्रभूची स्तुती असो, मी जास्त शिकलो नाही," आणि मग वावर, बैल, सासू, दवाखाना असं करत करत बरंच लांब जातं, पाळक घड्याळाकडे बघतात पण मधेच थांबवत नाहीत.