हायड्रॉलिक सिलिंडरच्या नळीचा आतला पृष्ठभाग किती गुळगुळीत असावा?

रस्त्याच्या कडेला चर खणणाऱ्या ज्या यंत्राला आपण सरसकट जेसीबी म्हणतो, त्याच्या लांब हाताला उचलण्याची ताकद एका पोलादी नळीतून मिळते. नळीत पिस्टन असतो, त्याच्या एका बाजूला पंपाने दाबलेले तेल येते आणि पिस्टन पुढे सरकतो. नळीचा आतला व्यास १०० मिलिमीटर आणि तेलाचा दाब २०० बार धरला, तर पिस्टनवर सुमारे १६ टन वजनाइतके बल पडते. हा दाब पेलण्याचे काम नळीची जाड भिंत करते. पण दाबाखालचे तेल पिस्टनच्या पलीकडे निसटू न देण्याचे काम पिस्टनच्या खाचेत बसवलेल्या सीलकडे असते. हे सील बहुधा नायट्राइल रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे असते. ते ज्या पृष्ठभागावर घासत लक्षावधी वेळा पुढेमागे जाते, तो पृष्ठभाग कसा आहे यावर त्याचे आयुष्य मोठ्या प्रमाणावर अवलंबून असते.

दाब वाढला की सील आणखी घट्ट बसते. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा गळती हीच त्यांची मोठी अडचण होती. वाटीसारख्या वळवलेल्या कातड्याच्या कड्याने ती सुटली, आणि त्याचे श्रेय त्यांच्या कारखान्यातील हेन्री मॉड्स्ले यांना दिले जाते. दाबाखालचे पाणी कातड्याची कड फाकवून भिंतीवर टेकवत असे, त्यामुळे दाब जितका जास्त तितकी पकड घट्ट होई. आजच्या सीलची ओठासारखी कड याच तत्त्वावर काम करते. मात्र या तत्त्वाची किंमत घर्षणाने चुकवावी लागते: जितका दाब जास्त तितकी कड भिंतीवर जोराने रेटली जाते, आणि भिंतीवरचा प्रत्येक लहानसा उंचवटा तितक्याच जोराने तिच्यात रुततो.

येथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीला प्रचलित ‘एच ८’ या मापश्रेणीत ५४ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढीव व्यासाची मुभा असते, पण तिच्या आतल्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा सर्वसाधारणपणे ०.१ ते ०.४ मायक्रॉनच्या दरम्यान मागितला जातो. व्यासाला इतकी सवलत आणि पृष्ठभागाला इतका कडकपणा कशासाठी, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. सील लवचीक असल्यामुळे व्यासातला सावकाश होणारा बदल ते सामावून घेते. पण अगदी जवळजवळ असलेल्या सूक्ष्म शिखरांच्या मागोमाग वाकणे त्याला जमत नाही. सीलच्या कडेखाली तेलाचा जो थर असतो त्याची जाडी अनेकदा एका मायक्रॉनपेक्षाही कमी असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहून कमी. शिखरांची उंची या थरापेक्षा जास्त झाली की ती तेल भेदून थेट सीलला खरवडू लागतात.

मग पृष्ठभाग आरशासारखा केला की प्रश्न सुटला, असे वाटेल. बोअर, म्हणजे नळीचा आतला भाग, चकचकीत दिसतो आहे ना, बोटाला गुळगुळीत लागतो आहे ना, एवढे पाहून नळी स्वीकारणारे पुष्कळ लोक असतात. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महागडा गैरसमज हाच आहे. अतिगुळगुळीत भिंतीवर तेलाला धरून राहायला जागाच नसते. सीलची कड जाता जाता तेल पुसून नेते आणि परतीच्या फेरीत कोरड्या धातूवर घासते. पिस्टन सावकाश सरकत असेल तर तो अडखळत, चिकटत आणि सुटत पुढे जातो, सिलिंडर कुरकुरतो, सील तापते आणि कालांतराने कडक होऊन तडकते. रिचर्ड स्ट्रिबेक यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बेअरिंगवरील प्रयोगांतून घर्षण आणि वेग यांचा जो संबंध पुढे आला, तो येथेही लागू पडतो: वेग कमी आणि तेलाचा थर अपुरा असेल तर घर्षण सर्वाधिक असते, थर जमू लागला की ते झपाट्याने उतरते. ओझे हळूहळू, मिलिमीटर मिलिमीटरने उतरवायचे असते तेव्हा सिलिंडर याच सर्वांत अवघड टप्प्यात काम करत असतो.

हवा असतो तो पृष्ठभाग कोकणातल्या कातळसड्यासारखा: वरून सपाट, टेकायला भरपूर जागा, आणि मध्येमध्ये पाणी साठवणाऱ्या खळग्या. शिखरे छाटलेली आणि दऱ्या राखलेल्या असा हा पृष्ठभाग सीलला सपाट आधार देतो, आणि त्यातल्या सूक्ष्म चरांमध्ये राहिलेले तेल प्रत्येक फेरीला कडेखाली पुरवतो.

अडचण अशी की कारखान्यात सर्रास मोजला जाणारा ‘आरए’ हा आकडा हा फरक दाखवतच नाही. पृष्ठभागाच्या चढउतारांचे मध्यरेषेपासूनचे सरासरी अंतर म्हणजे आरए. सपाट पृष्ठभागावर टोकदार सुळके असले किंवा तेवढ्याच आकाराच्या दऱ्या असल्या, तरी या दोन्ही पृष्ठभागांचा आरए अगदी सारखा येतो, कारण एक दुसऱ्याची उलटी प्रतिमा असतो. त्यातला पहिला सील फाडतो आणि दुसरा ते जपतो. म्हणून जाणकार उत्पादक आरएच्या जोडीला ‘आरझेड’ म्हणजे शिखर ते दरी ही उंची, आणि आधाराचे प्रमाण म्हणजे शिखरांखाली ठरावीक खोलीवर छेद घेतला असता लांबीपैकी किती टक्के भाग भरीव धातूचा निघतो, हेही मागतात. सील उत्पादकांच्या मार्गदर्शनात हे प्रमाण ५० टक्क्यांहून अधिक असावे, अशी अपेक्षा अनेकदा आढळते.

मापनाची आणखी एक मर्यादा आहे. मोजणाऱ्या यंत्राची हिऱ्याची सुई, जिच्या टोकाची त्रिज्या २ ते ५ मायक्रॉन असते, सामान्यतः ०.८ मिलिमीटरचे पाच तुकडे, म्हणजे एकूण ४ मिलिमीटर अंतर वाचते. नळी मात्र मीटरभर लांब असू शकते. शिवाय सुई नळीच्या लांबीच्या दिशेने सरकते. त्यामुळे त्याच दिशेने गेलेली लांब रेघ तिला आडवी येतच नाही आणि मापन उत्तम दिसते. सर्वांत घातक दोष नेमका हाच असतो. आडव्या ओरखड्यात तेल अडकून राहते, पण लांबीच्या दिशेने गेलेली रेघ सीलच्या अलीकडून पलीकडे उघडा मार्ग तयार करते. अरुंद फटीतून वाहणारे तेल फटीच्या उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. म्हणून आतून उजेड टाकून डोळ्यांनी पाहणे हे यंत्राच्या आकड्याइतकेच आवश्यक आहे.

ही गळती बाहेर दिसत नाही; मेकॅनिक त्याला ‘सिलिंडर बायपास होतोय’ असे म्हणतात. तेल काहीच काम न करता दाबाकडून कमी दाबाकडे निसटते आणि त्याची सारी ऊर्जा उष्णतेत जाते. खनिज तेलाच्या बाबतीत दर १०० बार दाब असा वाया गेला की निसटणारे तेल सुमारे ६ अंश सेल्सिअसने तापते. तापलेले तेल पातळ होते, पातळ तेल अधिक निसटते, आणि पातळ तेलाचा थरही सीलला कमी पुरतो. बूम, म्हणजे यंत्राचा लांब हात, आपोआप खाली बसू लागण्याचे कारण दर वेळी सिलिंडर असते असे मात्र नाही. पुष्कळदा तेल व्हॉल्व्हमधून निसटत असते, आणि सील किट बदलूनही तक्रार जात नाही तेव्हा आधी हे तपासायला हवे.

अशा नळ्या बहुधा शिवणरहित, थंड अवस्थेत ओढलेल्या पोलादी नळ्यांपासून बनतात. महाराष्ट्रात अहिल्यानगर आणि बारामती येथे शिवणरहित नळ्यांचे कारखाने आहेत. आतला अंतिम पृष्ठभाग दोन मार्गांनी साधला जातो. होनिंगमध्ये अपघर्षक दगड लावलेले डोके नळीत एकाच वेळी फिरते आणि पुढेमागे सरकते, त्यातून एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघांची जाळी उमटते आणि तेल त्या जाळीत राहते. दुसऱ्या पद्धतीत आधी धारदार पाती अगदी पातळ थर सोलून काढतात आणि मागोमाग कठीण रोलर शिखरे दाबून सपाट करतात. या पद्धतीत वेळ फार कमी लागतो आणि दाबामुळे पृष्ठभागाचा थर थोडा कठीणही होतो. मोठ्या संख्येने नव्या नळ्या करताना ही पद्धत निःसंशय सोयीची आहे; झिजलेली नळी दुरुस्त करताना मात्र मला होनिंगच अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिथे प्रत्येक नळीची झीज वेगळी असते आणि कारागीर ती पाहून दगड आणि वेळ ठरवू शकतो.

होनिंगनंतरची स्वच्छता हा दुर्लक्षित भाग आहे. दगडातून सुटलेले कण त्याच जाळीच्या दऱ्यांत बसतात आणि नुसत्या कापडाने निघत नाहीत. साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुऊन, पांढरे कापड आतून फिरवून ते स्वच्छ निघेपर्यंत पुसावे लागते. धुतल्यानंतर नळी लगेच कोरडी करून गंजरोधक तेल लावायला हवे, विशेषतः पावसाळ्यात, कारण उघड्या ठेवलेल्या नळीच्या आत एका रात्रीतही गंजाचे ठिपके पडू शकतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या जागी पुढे एक खड्डा राहतो.

खोल रेघ काढण्यासाठी होनिंग करत गेले की व्यास वाढतो, आणि ५४ मायक्रॉनची मुभा लवकर संपते. पिस्टन आणि भिंत यांतली फट वाढली की उच्च दाबाखाली सीलची कड त्या फटीत दाबली जाऊन कुरतडली जाते. त्यामुळे रेघ त्या मर्यादेत निघत नसेल, तर वाढीव मापाचा पिस्टन आणि सील मिळते का हे आधी पाहावे. मिळत नसेल तर नळीच बदलणे स्वस्त पडते.