सगळी घड्याळे थांबली, तर सांगलीत किती वाजले असतील?

१८५९ सारखे प्रचंड सौर वादळ आले किंवा अणुयुद्ध पेटले आणि उपग्रह, मोबाइलचे टॉवर व नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील सीझियम घड्याळे (देशाची प्रमाणवेळ राखणारी, सीझियमच्या अणूंवर चालणारी आण्विक घड्याळे) एकदमच बंद पडली, तर प्रमाणवेळ कायमची हरवेल, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. आपत्तीच्या काळात ‘पृथ्वी फिरायची थांबणार’ असे निरोपही पसरवले जातात. परंतु कोणत्याही वादळाने वा युद्धाने पृथ्वीचे परिवलन थांबत नाही. शिवाय ते पुरेसे नियमितही आहे: १९७२ ते २०१६ या काळात आण्विक घड्याळांशी मेळ राखण्यासाठी अवघे २७ लीप सेकंद, म्हणजे जादा सेकंद, वाढवावे लागले.

क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ सेल असेपर्यंत चालेल, पण महिन्याला दहा-पंधरा सेकंद चुकेल. ही चूक पकडण्याची जुनी रीत अतिशय सुंदर आहे. पत्र्याला बारीक छिद्र पाडून तो गच्चीवर पक्का बसवावा आणि त्यातून दक्षिणेकडे, तीसेक मीटरवरील, गच्चीहून तीन-चार मजले उंच इमारतीच्या उभ्या कडेकडे पाहावे. हिवाळ्यात अगस्त्याचा तारा सांगलीहून क्षितिजाच्या वर जेमतेम २० अंश चढतो आणि पश्चिमेकडे सरकताना त्या कडेआड जातो. तारा म्हणजे बिंदूच असल्यामुळे तो हळूहळू मंदावत नाही, एका क्षणात नाहीसा होतो. तो क्षण टिपून ठेवावा. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांची असल्यामुळे दुसऱ्या रात्री तोच तारा ३ मिनिटे ५६ सेकंद आधी लपला पाहिजे. जो फरक पडेल, ती घड्याळाची चूक. छिद्राला पर्याय नाही, कारण डोळा एक सेंटिमीटर बाजूला झाला, तरी सात-आठ सेकंदांचा घोटाळा होतो. पावसाळ्यात अर्थातच आकाश मिळत नाही, म्हणून घड्याळाची रोजची चूक आधीच काढून ठेवावी लागते.

घड्याळ मध्येच थांबून वेळच हरवली असेल, तर ते पुन्हा चालू करून सूर्याकडे वळावे. उभ्या काठीची सावली मध्यान्हापूर्वी आणि नंतर सारख्याच लांबीची कधी होते, ते पाहिले की त्या दोन वेळांचा मध्य म्हणजे स्थानिक मध्यान्ह. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) पूर्व रेखांशाची, तर सांगली सुमारे ७४ अंश ३४ कलांवर. अंशाला चार मिनिटे धरता मध्यान्ह सरासरी १२ वाजून ३२ मिनिटांनी येते. मात्र पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार व अक्ष कललेला असल्याने ती फेब्रुवारीच्या मध्यास १२:४६ च्या, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२:१५ च्या सुमारास होते. मध्यान्हाच्या वेळांचे वर्षभराचे कोष्टक आणि आपल्या घराचा रेखांश आजच कागदावर उतरवून ठेवावा. सांगलीच्या अक्षांशावर पूर्व-पश्चिम सुमारे ४४४ मीटरची चूक म्हणजे वेळेत एका सेकंदाची चूक.