बसऱ्याला गेलेल्या शिपायाचं नाव

लालबागच्या आमच्या जुन्या चाळीत शेजारच्या आजींच्या देवघरात ब्राँझची एक जड चकती असायची. तळहातापेक्षा मोठी, 12 सेंटीमीटरची. त्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि पायाशी सिंह. दर दसऱ्याला आजी ती चिंचेने घासत. घासून घासून बाईचं नाक सपाट झालं होतं, पण चौकटीतलं इंग्रजी नाव अजून बोटाला लागायचं. ते त्यांच्या सासऱ्यांचं. ‘मामंजी बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत,’ याहून जास्त त्यांनाही ठाऊक नव्हतं. बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर.

पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना ब्रिटिश सरकारने अशा चकत्या पाठवल्या. त्यांवर हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, नुसतं नाव.

इराणच्या आखातातलं तेल राखायला आणि तुर्कांना रोखायला ब्रिटिशांची फौज निघाली ती आपल्या मुंबई बंदरातून, 16 ऑक्टोबर 1914 ला. तिच्यात 117वी मराठा पलटण होती. मागून 103वी आणि 110वीही गेली. सातारा-कोकणातल्या शेतकऱ्यांची ही पोरं. शिपायाला महिना 11 रुपये.

22 नोव्हेंबरला तुर्कांच्या ताब्यातलं बसरा पडलं. पुढच्या वर्षी ब्रिटिशांचा जनरल टाउनशेंड बगदादच्या दिशेने सुटला. बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला फटका बसला आणि फौज मागे फिरून टायग्रिस नदीकाठच्या कुत-अल-अमारा गावात अडकली. तिन्ही मराठा पलटणी त्यात होत्या. 7 डिसेंबर 1915 पासून जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा. पीठ संपत आलं, घोडे कापले गेले. ते मांस बहुतेक हिंदी शिपायांच्या घशाखाली उतरेना. खायला हरकत नाही असे आपल्याकडच्या धर्मगुरूंचे निरोप मागवले, तरी किती दिवस कुणी खाल्लं नाही. ताज्या भाज्या-फळांविना होणाऱ्या स्कर्व्ही रोगाने हिरड्या सुजल्या. विमानातून पिठाची पोती टाकली, पण एवढ्या माणसांना ती कुठून पुरणार? 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जण शरण गेले. कैदेच्या वाटेवर उन्हाने, हगवणीने हजारो मेले. मला तरी गोळीने आलेल्या मरणापेक्षा हे मरण जास्त छळतं.

जखमींचे हालही असेच. टेसिफॉनचे जखमी उघड्या बोटींवर, मलमपट्टीविना, दिवसेंदिवस नदीतून येत होते. या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल 1917 मध्ये आला आणि ब्रिटनचे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. इकडे मुंबईत काळा घोड्याजवळच्या संग्रहालयाची नवी इमारत लष्करी रुग्णालय झाली होती. संग्रहालय म्हणून ती उघडली 1922 मध्ये.

बसऱ्याचं स्मारक 1929 चं. ज्यांची कबर सापडली नाही, अशा 40,000 हून जास्त जणांसाठी. गोऱ्या शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपाई आणि हवालदार मात्र पलटणीच्या नावाखाली एका आकड्यात गेले. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने या भेदभावाबद्दल माफी मागितली ती एप्रिल 2021 मध्ये. तोवर आजी गेल्या होत्या. चकती आता त्यांच्या नातवाकडे आहे, डोंबिवलीला.